थांबायला कोणाला परवडतं?

फोन घ्यायचा विषय निघाला की आपल्यात एक मित्र हमखास असतो, जो म्हणतो, "आत्ता नको घेऊस. दोन महिने थांब, नवीन येतोय." माझाही असा एक मित्र आहे आणि गेलं दीड वर्ष मी त्याचं ऐकतोय. आधी नव्या प्रोसेसरसाठी थांबलो, मग दिवाळीच्या सेलसाठी. माझ्या जुन्या फोनची बॅटरी दुपारीच मान टाकते, पण काम भागतं. घरचे याला संयम म्हणतात. मला मात्र प्रश्न पडतो, की हातात चालू फोन असताना नव्याची वाट पाहणं हा संयम आहे, की चैन?

अमेरिकेतलं एक उदाहरण बघा. २९ जून २००७ रोजी आयफोन विकायला आला, तेव्हा तिथे तो एटी अँड टी या एकाच मोबाईल कंपनीकडे मिळायचा. फोन नेटवर्क कंपनीकडूनच, दोन वर्षांच्या करारावर घ्यायची तिथे रीत होती. त्यामुळे ज्यांना व्हेरायझनचं नेटवर्क सोडायचं नव्हतं आणि आयफोनही हवा होता, त्यांना थांबण्यावाचून गत्यंतर नव्हतं. थोडीथोडकी नाही, साडेतीन वर्षांहून जास्त. १० फेब्रुवारी २०११ ला व्हेरायझनच्या दुकानांत आयफोन ४ आला, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात ४एस आला. म्हणजे इतकी वाट पाहून घेतलेली वस्तू आठ महिन्यांत जुनी! तरीही या लोकांची मला कीव येत नाही. दुसरी कंपनी त्यांना खुली होती, हातात दुसरा फोन होता. फार तर हौस लांबली.

आता आपल्याकडचं २०२१ आठवा. त्या वर्षी २४ जूनला रिलायन्सच्या वार्षिक सभेत जिओफोन नेक्स्टची घोषणा झाली. गूगलच्या साथीने बनवलेला, साध्या माणसाला परवडेल असा टचस्क्रीनवाला फोन. मुहूर्त होता १० सप्टेंबर, गणेश चतुर्थी. गणपती आले, फोन आला नाही. जगभर चिप्सचा तुटवडा आहे असं कारण देऊन विक्री दिवाळीपर्यंत पुढे गेली. शेवटी ४ नोव्हेंबरला, लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, फोन बाजारात आला. किंमत ६,४९९ रुपये. त्याआधी अंदाज बरेच खालचे चालले होते. एकदम पैसे नसतील तर १,९९९ रुपये भरून उरलेले १८ किंवा २४ महिन्यांच्या हप्त्यांत द्यायचे, वर प्रोसेसिंगचे ५०१.

आता याच्या शेजारी दुसरी एक तारीख ठेवा. दीड वर्ष बहुतेक काळ बंद असलेल्या महाराष्ट्रातल्या शाळा, ग्रामीण भागात पाचवीपासून आणि शहरांत आठवीपासून, ४ ऑक्टोबर २०२१ ला उघडल्या. फोन आला त्याच्या बरोबर एक महिना आधी. त्या काळात आमच्या इमारतीत इस्त्रीचे कपडे न्यायला येणाऱ्या काकांची दोन मुलं एका फोनवर शिकत होती. थोरलीचा वर्ग असला की धाकट्याला सुट्टी. सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' लागायची हे खरं, पण टीव्हीला शंका विचारता येत नाही. अशा घरात "थांबा, चांगला आणि स्वस्त येतोय" या वाक्याचा अर्थ पार बदलतो. मी थांबलो तर माझे पैसे वाचतात. धाकटा थांबतो तेव्हा त्याची सहामाही जाते. फोन पुढच्या वर्षी याहून बरा मिळेल, सातवी पुन्हा मिळणार नाही.

यावर कोणी म्हणेल, कंपनी काय धर्मादाय संस्था आहे? तुटवडा खरा होता, आणि उशिरा का होईना, फोन आलाच. हे मला मान्य आहे. कोणी असंही म्हणेल, की गरिबाला एवढं कशाला, साधा फोन पुरे. हे मात्र मला मान्य नाही. काय पुरे हे ज्याचं त्याने ठरवायचं असतं. त्याच कंपनीचा बटणांचा जिओफोन २०१७ साली जाहीर झाला आणि त्यावर व्हॉट्सॲप यायला सप्टेंबर २०१८ उजाडला. तोवर ज्यांच्या हातात तो होता, त्यांच्यासाठी 'पुरे' काय ते दुसऱ्यांनीच ठरवलं होतं. चांगल्या वस्तूची इच्छा धरायचा हक्क इस्त्रीवाल्या काकांनाही माझ्याइतकाच आहे.

म्हणून माझा रोख कंपनीपेक्षा आपल्यावर जास्त आहे. मोबाईल कंपनी तिच्या सोयीने फोन आणणार, सणाचा मुहूर्त गाठणार, चुकला तर पुढचा सण धरणार. तिचा तो धंदाच आहे. पण मुलाचं शाळेत हजर असणं घरात किती फोन आहेत यावर अवलंबून राहिलं, ते बाजारामुळे नाही. समाज म्हणून आपण ते चालवून घेतलं, आणि ज्यांना थांबावं लागलं त्यांना वर धीर धरायला सांगितलं. न थांबण्याची सोय असेल तरच थांबण्याला संयम म्हणता येतं. ती नसेल, तर संयमाचा उपदेश म्हणजे दुसऱ्याच्या खिशातून केलेला दानधर्म.

मित्राचा सल्ला वाईट नाही. मी अजून दोन महिने थांबेनही. पण हेच वाक्य दुसऱ्या कोणाला ऐकवण्याआधी एक गोष्ट विचारायला हवी: मधल्या दिवसांत त्याचं काय जाणार आहे? उत्तर 'थोडी हौस' असेल, तर खुशाल थांबायला सांगा. उत्तर 'वर्ष' असेल, तर सल्ला बाजूला ठेवून आपल्या कपाटात पडलेला जुना फोन शोधायला लागा.