घराचा ताबा, सब्र आणि हक्क



गेल्या महिन्यात जुम्याच्या नमाजनंतर एक निवृत्त शिक्षक माझ्यापाशी थांबले. या गृहस्थांनी आयुष्यभर व्याजी कर्जाला हात लावला नाही. निवृत्तीची रक्कम, पत्नीचे दागिने मोडून आलेले पैसे आणि आखातात नोकरी करणाऱ्या मुलाने पाठविलेली बचत असे सुमारे ३० लाख रुपये भरून त्यांनी बांधकाम सुरू असलेल्या एका इमारतीत सदनिका घेतली. नोंदणीकृत करारात ताब्याची तारीख डिसेंबर २०२१ अशी होती. ती तारीख केव्हाच मागे पडली आहे आणि हे कुटुंब अजूनही भाड्याच्या दोन खोल्यांत राहते. तक्रार का केली नाही, असे मी विचारले. ते म्हणाले, “मौलाना, वकील सांगतात, विलंबाबद्दल व्याज मिळेल. व्याज तर आपल्यासाठी हराम. म्हणून सब्र करून बसलो आहे.”

त्यांच्या निष्ठेबद्दल मला आदर वाटला. परंतु त्यांच्या उत्तरात दोन निरनिराळ्या गोष्टी एकत्र झाल्या होत्या, आणि आपल्या अनेक घरांत त्या अशाच एकत्र होतात. व्याज टाळणे ही एक गोष्ट आहे. आपला हक्क न मागणे ही दुसरी.

प्रथम हक्काविषयी पाहू. सूरह अल्-माइदाची पहिलीच आयत ईमानवंतांना करार पूर्ण करण्याची आज्ञा देते. सूरह बनी इस्राईल सांगते की दिलेल्या वचनाविषयी जाब विचारला जाईल. ऐपत असताना दुसऱ्याचे देणे लांबणीवर टाकणे याला प्रेषित मुहम्मद (स.) यांनी स्पष्ट शब्दांत जुल्म म्हटले आहे, ही हदीस बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. आता ज्याला जुल्म म्हटले गेले, तो निमूटपणे सोसत राहणे म्हणजेच सब्र, असे आपण कोठून शिकलो?

प्रेषितांच्या (स.) जीवनातील एक प्रसंग येथे आठवावा. एक मनुष्य त्यांच्याकडे आपल्या उंटाचे येणे मागण्यास आला आणि फार कठोर बोलला. सहाबा संतापले. प्रेषितांनी (स.) त्यांना आवरले आणि समजाविले की ज्याचा हक्क आहे, त्याला बोलण्याचाही अधिकार आहे. नंतर त्याला त्याच्या उंटाहून चांगला उंट देवविला. मागणारा उद्धट होता, तरीही त्याची मागणी उद्धटपणा म्हणून फेटाळली गेली नाही.

त्याआधीचा, प्रेषितत्वापूर्वीचा एक प्रसंग तर आपल्या विषयाच्या फारच जवळचा आहे. यमनच्या जुबैद कबिल्यातील एका व्यापाऱ्याचा माल मक्केतील आस बिन वाइल या बड्या असामीने घेतला आणि किंमत देण्याचे टाळले. परक्या शहरात त्या व्यापाऱ्याचे ऐकणारे कोणी नव्हते. तेव्हा तो अबू कुबैस टेकडीवर चढला आणि काब्याभोवती बसलेल्या कुरैशांना ऐकू जाईल अशा आवाजात त्याने आपली फिर्याद मांडली. त्यातूनच अब्दुल्लाह बिन जुदआन यांच्या घरी काही घराण्यांनी पीडिताच्या पाठीशी उभे राहण्याची शपथ घेतली. हीच ‘हिल्फुल फुजूल’. तरुण मुहम्मद (स.) त्या बैठकीस उपस्थित होते, आणि पुढे इस्लामच्या काळातही त्यांनी सांगितले की तशा कराराकडे आजही कोणी बोलाविले तर मी जाईन. त्या व्यापाऱ्याला कोणी सब्राचा उपदेश करून परत पाठविले नाही.

आपल्या काळातील टेकडी म्हणजे कायदा. ‘स्थावर संपदा (नियमन व विकास) अधिनियम, २०१६’ अन्वये २०१७ पासून महाराष्ट्रात महारेरा हे प्राधिकरण काम करीत आहे. या कायद्याच्या कलम १८ नुसार करारातील तारखेस ताबा मिळाला नाही, तर खरेदीदारापुढे दोन मार्ग असतात. प्रकल्पातून बाहेर पडून भरलेली सर्व रक्कम व्याजासह परत मागावी. किंवा घर हवेच असेल, तर ताबा मिळेपर्यंत विलंबाच्या प्रत्येक महिन्याबद्दल व्याज मागावे. महाराष्ट्राच्या नियमांत हा दर स्टेट बँकेच्या कर्जाच्या सर्वोच्च सीमांत दरापेक्षा दोन टक्के अधिक असा ठरविलेला आहे. बाहेर पडून परतावा मागण्याचा हक्क बिनशर्त आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये स्पष्ट केले आहे. बांधकाम व्यावसायिकाने आदेश पाळला नाही, तर ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करता येते.

आता ज्या शब्दापाशी शिक्षक महोदय अडले, त्याकडे वळू. कायद्याने ‘व्याज’ हा शब्द वापरला, एवढ्याने ती रक्कम रिबा ठरते काय? शरीअतमध्ये नावापेक्षा व्यवहाराचे स्वरूप पाहिले जाते. रिबा म्हणजे उसन्या दिलेल्या पैशावर, केवळ मुदतीच्या मोबदल्यात घेतलेली वाढ. सदनिकेच्या खरेदीदाराने बांधकाम व्यावसायिकाला कर्ज दिलेले नसते. ठरलेल्या वर्णनाची वस्तू तयार करून देण्याचा तो करार असतो. फिकहच्या भाषेत ‘इस्तिस्ना’. तेथे थकते ते काम.

या भेदाला जुना आधार आहे. बुखारीच्या ‘शर्ती’ या प्रकरणात काजी शुरैह यांचा एक निवाडा आला आहे. हजरत उमर (रजि.) यांनी त्यांना कूफा येथे काजी नेमले होते. एका मनुष्याने जनावरे भाड्याने देणाऱ्याला तयार राहण्यास सांगितले आणि अमुक दिवशी निघालो नाही तर शंभर दिरहम देईन असे कबूल केले. तो निघाला नाही. शुरैह यांनी निवाडा दिला की जो स्वखुशीने, बळजबरीविना स्वतःवर अट घालून घेतो, त्याच्यावर ती बंधनकारक आहे. जेद्दाहच्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीनेही १९९२ मध्ये इस्तिस्नाच्या करारात विलंबाबद्दल भरपाईची अट घालणे वैध ठरविले. आणि २००० मध्ये हेही स्पष्ट केले की मूळ दायित्व कर्जाचे असेल तेथे अशी अट चालणार नाही, कारण तो उघड रिबा होईल. शिवाय भरपाई प्रत्यक्ष आर्थिक हानीची असावी आणि विलंब आवाक्याबाहेरच्या कारणाने झाला असेल तर ती मागू नये, असेही अकादमीने म्हटले आहे.

शिक्षक महोदयांचाच हिशोब घेऊ. समजण्यापुरता दर वर्षाला १० टक्के धरला, तर ३० लाखांवर महिन्याला २५ हजार रुपये होतात. त्यांचे घरभाडे १२ हजार. हे १२ हजार, खोली बदलताना झालेला खर्च आणि तक्रारीचा खर्च हे त्यांचे प्रत्यक्ष नुकसान आहे, आणि ते घेण्यात मला तिळमात्र संकोच दिसत नाही. उरलेल्या रकमेविषयी मतभेद संभवतो. ती करारातच कबूल केलेली भरपाई आहे असे म्हणणाऱ्यांपाशी शुरैह यांचा निवाडा आहे. माझा स्वतःचा कल सावधगिरीकडे आहे: प्रत्यक्ष हानी वजा जाता जे उरेल, ते पुण्याची अपेक्षा न ठेवता गरजूंना देऊन टाकावे. विशेषतः जो प्रकल्पातून बाहेर पडून पैसेच परत घेत आहे, त्याने ही सावधगिरी अधिक बाळगावी, कारण तेथे मागणी पैशाची पैशाशीच उरते. तथापि ती रक्कम विलंब करणाऱ्याच्याच खिशात राहू देणे हा काही तक्वा नव्हे. मुद्दलाबद्दल तर प्रश्नच नाही. रिबाला मनाई करणाऱ्या सूरह बकरातील आयतीच सांगतात की मुद्दल तुमचेच आहे. तुम्ही जुल्म करू नका आणि तुमच्यावरही जुल्म होऊ नये. आपण या वाक्याचा पहिला भाग पाठ केला, दुसरा राहून गेला. ज्याला शंका असेल त्याने आपला करार घेऊन जाणकार मुफ्तींकडे जावे. नुसत्या ऐकीव गोष्टींवर लाखो रुपयांवर पाणी सोडू नये.

त्याच सूरहमध्ये अडचणीत असलेल्या ऋणकोला सवड देण्याची शिकवणही आहे, आणि तिचा विसर पडता कामा नये. कायद्यानेही युद्ध, पूर, दुष्काळ, आग, चक्रीवादळ, भूकंप अशा आपत्तींसाठी मुदतवाढ ठेवली आहे. करोनाच्या काळात महारेराने ती दिलीही होती. परंतु एका इमारतीसाठी घेतलेला पैसा दुसऱ्या जमिनीत गुंतविल्याने काम थांबले, ही आपत्ती नव्हे. खरेदीदारांच्या पैशांपैकी ७० टक्के रक्कम त्या प्रकल्पाच्या स्वतंत्र खात्यात ठेवण्याचे बंधन याचसाठी आहे. आपल्यातील जे बंधू या व्यवसायात आहेत, त्यांनी त्या खात्याकडे अमानत म्हणून पाहावे. वेळेवर भव्य इफ्तार देणे सोपे असते, वेळेवर किल्ली देणे कठीण.

मागणाऱ्यावरही बंधने आहेत. भाडे १२ हजार असताना १८ हजारांची पावती जोडू नये. प्रेषितांनी (स.) बजावले आहे की वाक्चातुर्याच्या बळावर भावाचा हक्क निवाड्यात मिळविणारा प्रत्यक्षात आगीचा तुकडा घेऊन जातो. तसेच ‘थोडे रोखीने द्या’ या मोहात पडू नये. कुरआनातील सर्वांत दीर्घ आयत व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आहे, आणि पावती नसलेली रक्कम कोणत्याही प्राधिकरणापुढे सिद्ध करणे अवघड. नोंदणीकृत करारापूर्वी किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेण्यास तर कायद्यानेच मनाई केली आहे.

हे सर्व ऐकून शिक्षक महोदय म्हणाले, “तरीही मी माफ केले तर?” माफ करणे थोर खरेच. मी त्यांना एवढेच विचारले की त्या ३० लाखांतील दागिने कोणाचे होते? पत्नीची मालमत्ता शरीअतमध्ये पत्नीचीच असते; पतीला ती परस्पर माफ करता येत नाही. मुलाच्या घामाच्या पैशाचेही तेच. ते काही वेळ गप्प राहिले आणि घरी गेले.

पुढच्या जुम्याला ते पुन्हा भेटले. पत्नीला त्यांनी प्रथमच विचारले होते. ती म्हणाली होती, “बांगड्या माझ्या अम्मीच्या होत्या. माफ करायचे की नाही ते मी ठरवीन, पण आधी हिशोब तर मांडा.” त्यांच्या हातात पिशवी होती. आत करार, पावत्या आणि भाड्याच्या नोंदींची वही. सोमवारी ते महारेराकडे तक्रार दाखल करणार होते.