विहिरीचें पाणी कोणाचें?

वसई येथील रोमन कॅथलिक बंधूंनीं १९१८ सालीं सहकारी पतपेढी काढिली व तिचीच पुढें बँक झाली, हें कित्येक वाचकांस ठाऊक असेल. त्या सुधारणेंत प्रत्येकाचा लाभ होता. तीस अनुकूल होणें फारसें कठीण नव्हतें. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत मात्र अवघड प्रश्न उभा राहिला. नव्या वसाहतींस पाणी पुरविणारे टँकर बागायतींतील विहिरी उपसूं लागले. जमीन माझी, विहीर माझी. मग पाणी विकल्यास पाप तें कोणतें?

पण समुद्र जवळ. गोडें पाणी फार उपसलें कीं खारें पाणी जमिनींत शिरतें, आणि ज्यानें एक घागरही विकली नाहीं त्या शेजाऱ्याची केळ व पानवेल सुकते. सन २०२४ मध्यें दिवंगत झालेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनीं हरित वसई संरक्षण समितीच्या द्वारें ह्या उपशास विरोध केला. आमच्या मतें तो न्याय्यच होता. विहीर एकाची असली तरी तिचा झरा साऱ्या गांवाच्या भूमींतून येतो.

तथापि एक गोष्ट आम्हांस टोंचते. टँकरची वाट पाहत हंडा घेऊन उभी असलेली बाईही आपली शेजारीणच नव्हे काय? तिला पाणी कोठून द्यावें, ह्याचें उत्तर एकट्या विहिरीच्या मालकाकडे मागणें आम्हांस बरें वाटत नाहीं.