फ्री आहेस का?

‘फ्री आहेस का?’ असा मेसेज येतो तेव्हा प्रश्न वेळेचा असतो. ‘एकावर एक फ्री’मध्ये पैशांचा. ‘शुगर-फ्री’ बिस्किटाच्या पुड्यावर आत काय नाही ते लिहिलेलं असतं आणि ‘फ्री कंट्री’ म्हणताना आपण नागरिकांच्या हक्कांबद्दल बोलत असतो. या सगळ्यांसाठी मराठीत वेगवेगळे शब्द आहेत: रिकामा, मोकळा, फुकट, मुक्त, स्वतंत्र. इंग्रजीने ते एकाच छोट्या शब्दात कोंबले. आपण तो शब्द उसना घेतला आणि त्याच्याबरोबर त्याचा गोंधळही घरी आला.

खुद्द इंग्रजी बोलणारेही या गोंधळातून सुटलेले नाहीत. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३मध्ये जीएनयू प्रकल्प जाहीर केला आणि त्यातून ‘फ्री सॉफ्टवेअर’ची चळवळ उभी राहिली. त्यांचा मुद्दा किमतीचा नव्हताच. प्रोग्रॅम वापरणाऱ्याला तो उघडून पाहता यावा, बदलता यावा, दुसऱ्याला देता यावा; मग त्याचे पैसे घेतले तरी हरकत नाही. लोकांना मात्र ‘फुकट’ एवढंच ऐकू आलं. फ्रेंचमध्ये ‘लिब्र’ म्हणजे स्वतंत्र आणि ‘ग्रातुई’ म्हणजे फुकट. त्यामुळे इंग्रजीत लिहितानाही या चळवळीतली माणसं ‘लिब्र’ची मदत घेतात.

भारतात हाच गोंधळ २०१५च्या सुमाराला आपल्या फोनपर्यंत आला. फेसबुकच्या ‘फ्री बेसिक्स’मध्ये काही निवडक वेबसाइट डेटाचे पैसे न मोजता पाहता येणार होत्या. ज्याच्याकडे इंटरनेटच नाही त्याला निदान थोडं तरी मिळेल, हा युक्तिवाद अगदीच पोकळ नव्हता. पण त्या ‘थोड्या’त काय बसेल, याच्या अटी फेसबुक ठरवणार होतं. ८ फेब्रुवारी २०१६ रोजी ‘ट्राय’ने मजकूर पाहून डेटाचे वेगवेगळे दर लावायला बंदी घातली. खिशाला फ्री असलेली गोष्ट निवडीला फ्री असेलच असं नाही, हे तेव्हा बऱ्याच जणांना पहिल्यांदा दिसलं.

मराठीला हा संशय आधीपासून आहे. आपल्याकडे ‘फुकट’ म्हणजे पैसे न देता आणि ‘फुकट’ म्हणजे वायासुद्धा. ‘मेहनत फुकट गेली’ म्हणतो तेव्हा आपण हळहळतो. ‘फुकट्या’ ही तर सरळ शिवीच. ‘फ्री’ला हा डाग नाही. तो चकचकीत आहे, म्हणून ‘फुकट’ म्हणायला जीभ अडखळते तिथे आपण ‘फ्री’ म्हणून मोकळे होतो.

घरातलंच बघा. ‘आई दिवसभर फ्रीच असते’ हे वाक्य किती सहज निघतं! यात ‘फ्री’चे दोन अर्थ एकमेकांत मिसळलेत. तिचा वेळ रिकामा आहे असं आधी ठरवलं, की तिचं काम फुकट आहे हे आपोआपच ठरतं. २०१९च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रिया बिनपगारी घरकामावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवताना आढळल्या. घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटं. आणि मुळात असे पुरुषच कमी. जवळजवळ पाच तास जिचे कामात जातात, तिला आपण ‘फ्री’ म्हणतो.

ती हे प्रेमापोटी करते, तिथे हिशोब कशाला, असं कुणी म्हणेल. त्यात तथ्य आहे. प्रत्येक पोळीचं बिल लावलं तर घराचं हॉटेल होईल. गंमत म्हणजे ‘फ्री’ या शब्दाचं मूळही प्रेमातच आहे. ‘फ्री’, ‘फ्रेंड’ आणि संस्कृतमधला ‘प्रिय’ हे एकाच प्राचीन धातूतून आलेले शब्द. भाषाशास्त्रज्ञांचं एक स्पष्टीकरण असं: घरातली आपली, रक्ताची माणसं ती ‘प्रिय’, बाकीचे गुलाम. त्यातून ‘प्रिय’चा अर्थ ‘गुलाम नसलेला’ असा होत गेला. म्हणजे फ्री माणूस हा सगळे पाश तोडलेला माणूस नव्हता. तो कुणाचा तरी होता, म्हणून फ्री होता.

ऐकायला हे छान वाटतं, पण त्या घरात प्रिय माणसं मोकळी होती ती दुसरं कुणीतरी राबत होतं म्हणून. आपल्या घरात प्रिय असणारी आणि राबणारी बाई बऱ्याचदा एकच असते, त्यामुळे तिचं राबणं दिसत नाही. प्रेमाने केलेलं आणि गृहीत धरलेलं काम बाहेरून सारखंच दिसतं. फरक कळतो तो ती एखाद्या दिवशी ‘आज नाही जमणार’ म्हणते तेव्हा. घर त्यावर काय करतं? कुणी गॅसपाशी जातं, की सगळ्यांची तोंडं उतरतात?

मित्राला आपण ‘फ्री आहेस का?’ असं विचारतो आणि तो ‘नाही’ म्हणाला तर वाईट वाटून घेत नाही. आईला मात्र ‘तू फ्रीच आहेस ना’ असं सांगतो. त्यात प्रश्नचिन्ह नसतंच.