गुराख्यांचा मोर्चा



आज उत्तम मेंढपाळाचा रविवार. योहानाच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात प्रभू येशू सांगतो, की मेंढपाळ आपल्या मेंढरांना नावाने ओळखतो व मेंढरे त्याचा आवाज ओळखतात. आपल्या सानगडीकडे मेंढरे थोडी, गाईगुरे जास्त. म्हणून हा दाखला आपल्याला गोवारी बांधवांकडे पाहून लवकर कळतो. गावाची गुरे पिढ्यान् पिढ्या त्यांनीच राखली. दिवाळीत ढाल घेऊन नाचतात ते हेच.

२३ नोव्हेंबर १९९४ रोजी हजारो गोवारी अनुसूचित जमातीच्या सवलती मागायला नागपूरच्या विधानभवनावर गेले. बायाबापड्या, कडेवर लेकरे. दिवसभर वाट पाहिली. संध्याकाळी गर्दी हलली, लाठ्या उठल्या आणि चेंगराचेंगरीत ११४ जण गेले. त्यांत बहुतेक स्त्रिया व मुले. आदिवासी विकास मंत्री मधुकर पिचड यांनी राजीनामा दिला. सीताबर्डीच्या उड्डाणपुलाला गोवारी शहिदांचे नाव मिळाले. मागणीचे म्हणाल तर २०१८ साली उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांच्या बाजूने निकाल दिला, तो २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने फिरवला.

पोलिसांना शिव्या देण्यासाठी मी हे लिहीत नाही. बंदोबस्तावरचा शिपाईही उपाशीच उभा असतो. पण आखरावरचा कोणताही गोवारी सांगेल, की बुजलेल्या कळपाला अडचणीच्या जागी काठी दाखवू नये. आधी वाट मोकळी करावी, मग ओळखीची हाक द्यावी. जे ज्ञान समोरच्या गर्दीतल्या प्रत्येकाजवळ होते, ते त्यांना कोणी विचारले नाही.

संत थॉमस अक्वायनस यांनी कायद्याच्या व्याख्येत एक अट घातली आहे : कायदा लोकांना नीट कळवलेला असावा. चेंगरत असलेल्या बाईला 'मागे व्हा' असे ओरडून सांगणे, हे कळवणे झाले का? तिच्या मागे जागा कुठे होती? तिच्या बोलीत बोलणारा, तिच्या जातीतल्या जाणत्या म्हाताऱ्याला पुढे बोलावणारा एक माणूस तिथे हवा होता. त्याला खर्च लागत नाही. माणसाची ओळख लागते, आणि ती मोर्च्याच्या दिवशी होत नाही, आधी करावी लागते.

आपल्या धर्मग्रामातली काही मुले पहाटे पोलीस भरतीसाठी धावतात. १६०० मीटर आणि गोळाफेक यांची तयारी चांगली चालली आहे. त्यांनी आज मिस्सेनंतर थांबावे. आपण गोवारी टोलीवर जाऊ, चहा तिथेच घेऊ. ज्यांच्या घरची माणसे त्या मोर्च्यात होती, त्यांना बोलू द्यावे, आपण ऐकावे.

आपला,
फादर