पुलापलीकडचा गुन्हा

ओरेगॉनच्या सीमेवर, स्नेक नदीच्या काठी ऑन्टारिओ नावाचं छोटं गाव आहे. 21 वर्षांवरचा कुणीही तिथे दुकानातून गांजा विकत घेऊ शकतो; राज्य त्यावर कर घेतं. पूल ओलांडला की आयडाहो. तिथे तीच पुडी खिशात सापडली तर वर्षभरापर्यंत कैद होऊ शकते.

कुणी म्हणेल, काही देशांत गाड्या डावीकडून चालतात, काहींत उजवीकडून, तसंच हे. मला ते पटत नाही. चुकीच्या बाजूने गाडी चालवली तर समोरचा मरू शकतो. पुडी मात्र पूल ओलांडल्याने अधिक घातक होत नाही.

आपल्या गावात काय विकावं हे ठरवायचा हक्क आयडाहोच्या लोकांना आहेच. पण त्या हक्काने दुकान बंद ठेवता येतं. माणसाला कोंडायला त्याने कुणाचं काय बिघडवलं हे दाखवावं लागेल.

कायदा बदलला, तरी प्रश्न उरतो. सॉफ्टवेअरमधली चूक सुधारली म्हणून आधी बिघडलेल्या नोंदी आपोआप नीट होत नाहीत. त्या शोधून दुरुस्त कराव्या लागतात. इलिनॉयने 1 जानेवारी 2020 पासून गांजा कायदेशीर केला, तेव्हा त्याच कायद्यात किरकोळ बाळगणुकीच्या जुन्या नोंदी पुसण्याची तरतूद केली. ती मला दया वाटत नाही. ज्या झाडावर सरकार आज कर घेतं, त्याच झाडापायी कुणाच्या नावावर लागलेला डाग पुसणं हे त्याच सरकारचं देणं आहे.