नदीचे मूळ विचारावे काय?

‘ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ विचारू नये’ असे आपले वाडवडील सांगत आले. प्रत्यक्षात मात्र आम्ही नेमके उलट वागलो. टिळकवाडीतील आमच्यासारख्या जुन्या घरांत पिण्याचे पाणी कोणी शेंदले, वाटेत कोणाचा स्पर्श झाला, याची चौकशी आजी-पणजीच्या काळी रोजची होती. पाण्यात काय आहे, हे सहसा कोणी विचारीत नसे.

हा जुना विषय आज काढण्यास एक नवे पाणी कारण झाले आहे. कोळशाच्या थरांत मिथेन वायू पाण्याच्या दाबाने अडकून राहतो. ते पाणी उपसले की दाब उतरतो व वायू मोकळा होतो. आपल्या देशात राणीगंज परिसरात असा वायू काढतात. उपसलेले पाणी बहुधा खारट असते; तसेच शेतात सोडल्यास जमीन नासते. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड राज्यात हे पाणी सूक्ष्म पडद्यांतून दाबाने गाळून, क्षार वेगळे काढून, २०१३ च्या सुमारास चिंचिला येथील बंधाऱ्यात सोडण्यास आरंभ झाला. हा बंधारा शेतीला पाणी देतो, तसाच गावालाही.

त्याच मुलखातील टूवूम्बा शहराने २००६ साली, ऐन टंचाईत, सांडपाणी शुद्ध करून पिण्याची योजना मतदानाने फेटाळली होती. सुमारे ६२ टक्के मते विरोधात पडली. विरोधामागे किळस हे एक मोठे कारण होते. त्यांना हसण्याचा अधिकार आम्हांस नाही. २० मार्च १९२७ रोजी महाडला डॉ. आंबेडकर व त्यांचे सहकारी चवदार तळ्याचे पाणी प्याले, तेव्हा तळे बाटले म्हणून सवर्णांनी १०८ घागरी पाणी काढून, पंचगव्य ओतून ते ‘शुद्ध’ केले. त्या तळ्यात गुरेढोरे पाणी पीत, त्याने ते बाटत नव्हते. आदल्या दिवशीचे पाणी आणि त्या दिवशीचे पाणी यांत रतीभरही फरक नव्हता. बाटले होते ते आमचे मन.

मग पाण्याचे मूळ विचारूच नये काय? आम्हांस तसे वाटत नाही. ज्याला एखादी वस्तू टाकूनच द्यावयाची आहे, तो ती आपल्या ओंजळीत घालतो, तेव्हा त्यास दान म्हणावे की विल्हेवाट? वायू विकणाऱ्यास या पाण्यापासून सुटका हवी असते. म्हणून त्याने दिलेल्या शुद्धतेच्या दाखल्यावर विसंबणे पुरेसे नाही. पाणी तपासणारा वेगळा असावा आणि तपासणीचे आकडे पिणाऱ्यास उघड दिसावेत. पडद्याच्या या बाजूस गोडे पाणी येते, तसे त्या बाजूस दाट खारवण उरते. ते कोठे साठवणार? जमिनीतून एवढे पाणी ओढल्याने कोणाच्या विहिरीची पातळी उतरली? हेही मूळच विचारणे आहे. परंतु स्पर्शाचे नव्हे, हिशेबाचे.

१९२४ साली गांधीजींच्या अध्यक्षतेखाली येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले, त्यासाठी खोदलेली विहीर आजही टिळकवाडीत आहे. पुढे नळ आले, जुन्या विहिरी आम्ही विसरलो. १९९५ च्या टंचाईत शहराला त्यांचा गाळ उपसून त्या पुन्हा वापरात आणाव्या लागल्या. तहान लागली की सोवळे गळते, हे तेव्हा पाहिले. पण तहानेबरोबर चौकशीही गळू नये. उद्या आमच्या नळाला असे गाळलेले पाणी आले, तर ते कोणी शिवले हे विचारण्याची लाज वाटावी, आणि त्यात काय आहे व त्यापायी कोणाचे काय गेले हे विचारल्यावाचून पेला तोंडास लावू नये. आजीची चौकस वृत्ती आम्ही ठेवावी. तिचा प्रश्न तेवढा बदलावा.