सूर कुणी द्यायचा?

ज्ञानेश्वर माउलींची पालखी लोणंद, तरडगाव, फलटण, बरड असे सातारा जिल्ह्यातले मुक्काम करत पुढे जाते. मुक्कामाच्या ठिकाणी संध्याकाळी समाजआरती होते. दिंड्या गोलाकार उभ्या असतात, टाळ-मृदंगाचा कल्लोळ चाललेला असतो. मग चोपदार हातातला चोप वर करतात आणि सगळे एकदम थांबते. नवख्या माणसाला हजारो टाळ एका क्षणात गप्प होतात याचेच नवल वाटते. जाणकाराचे लक्ष मात्र न थांबणाऱ्या टाळांकडे असते. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती दिंडी टाळ वाजवत राहते. चोपदार तिच्यापाशी जातात, म्हणणे ऐकून घेतात, निवाडा होतो, आणि मगच आरतीला तोंड फुटते. एका दिंडीचे मन दुखावलेले असताना बाकीच्यांनी देवाला ओवाळायचे नाही, असा हा रिवाज आहे.

पालखीला ही लष्करी शिस्त लावली हैबतबाबांनी. गाव आरफळ, सातारा तालुका. शिंदे सरकारच्या पदरी ते सरदार होते. ग्वाल्हेरकडून गावी परतताना सातपुड्यात लुटारूंनी त्यांना पकडले, कोंडून ठेवले, तिथे त्यांनी हरिपाठ धरला, सुटका झाली आणि घरी न जाता त्यांनी आळंदी गाठली, असे संप्रदायात सांगतात. त्याआधी माउलींच्या पादुका तुकोबांच्या पालखीबरोबरच जात. ती पालखी तुकोबांचे पुत्र नारायणमहाराज यांनी १६८५ साली सुरू केली होती. १८३२ पासून हैबतबाबांनी माउलींचा सोहळा वेगळा काढला. अंकलीच्या शितोळे सरकारांनी घोडे आणि तंबू दिले. दिंड्यांचा क्रम आणि कोणत्या वेळी कोणते अभंग म्हणायचे ती भजनी मालिका बाबांनी बसवून दिली. १८३६ साली ते गेले. भजनाची ती चौकट आजही चालू आहे.

इथे एक प्रश्न आडवा येतो, आणि तो भाविकांपेक्षा विचार करणाऱ्यांना अधिक सतावतो. देव भावाचा भुकेला असेल तर त्याला ठरलेली मालिका कशाला? त्याच्या दारात सगळे सारखे असतील तर पुढे उभा राहून सूर देणारा तो एक कोण? त्याने द्यायचा आणि बाकीच्यांनी घ्यायचा, ही उतरंड भक्तीत कुठून आली? आणि ज्याला घ्यायचा नाही त्याचे काय करायचे?

या प्रश्नांचे उत्तर ग्रंथांत शोधण्यापेक्षा एका माणसाच्या वीस वर्षांच्या कामात शोधणे बरे. पंडित नारायण मोरेश्वर खरे. जन्म १८८९ चा, जुन्या सातारा जिल्ह्यातला. तेव्हाचा सातारा जिल्हा मोठा होता. १९४९ साली दक्षिण सातारा वेगळा निघाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले. खऱ्यांचे गुरू विष्णु दिगंबर पलुसकर कुरुंदवाडचे. लहानपणी फटाक्याने डोळ्यांना इजा झाल्यावर ते मिरजेला आले आणि बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकले. मिरजेतून बाहेर पडून त्यांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. गाणे दरबाराबाहेर काढून चारचौघांच्या गळ्यात घालायचे, हा या माणसाचा ध्यास. साबरमतीच्या आश्रमासाठी गांधीजींना गाणारा माणूस हवा होता, तेव्हा पलुसकरांनी आपला हा शिष्य पाठवला. साल १९१८.

खऱ्यांपुढे काय वाढून ठेवले होते याची कल्पना केली पाहिजे. ग्वाल्हेर घराण्याची तालीम घेतलेला गवई, आणि त्याच्यासमोर विणकर, हिशेबनीस, शाळकरी मुले, स्वयंपाकघरातून आलेल्या बाया, कुणी गुजराती, कुणी तमिळ, कुणी बिहारी. प्रार्थनेची जागा म्हणजे नदीकाठची उघडी वाळू. मूर्ती नाही, छप्पर नाही. वेळ पहाटे चारच्या सुमाराची, पुन्हा संध्याकाळी. जमलेल्यांत कित्येक जण झोपेतून ओढून आणलेले. उत्तम गळे निवडून सुरेख गाणारा एक ताफा तयार करणे त्यांना सहज जमले असते. बाकीच्यांनी हात जोडून ऐकले असते आणि पाहुण्यांनी वाहवा केली असती. खऱ्यांनी ते केले नाही.

त्यांनी ‘आश्रम भजनावली’ सिद्ध केली. हिंदी, गुजराती, मराठी, बंगाली भजने, शेवटी काही इंग्रजी ख्रिस्ती स्तोत्रेही, आणि भजनांवर राग आणि ताल नेमून दिलेले. मराठी माणसाने ते पुस्तक उघडले तर त्याला घरच्यासारखे वाटावे. आपले संत तिथे आहेत, आणि सकाळच्या श्लोकांत जमिनीवर पाय ठेवण्याआधी पृथ्वीची क्षमा मागणारा तो श्लोकही आहे. राग-ताल नेमून देणे म्हणजे वरवर पाहता भक्तीला दावणीला बांधणे. पण चाल ठरलेली नसते तेव्हा काय होते हे कुठल्याही गावच्या देवळात कळते. ज्याचा गळा मोठा त्याची चाल चालते. बाकीचे ओठ हलवतात. ठरलेली चाल आधार देते ती दुबळ्या गळ्याला. खऱ्यांच्या शास्त्रीय शिस्तीमागे हा साधा न्याय होता, असे त्यांचे काम पाहून म्हणावे लागते.

गांधीजींना स्वतःला गाता येत नव्हते, तरी गाण्याबद्दल त्यांचे मत ठाम होते. कोट्यवधी लोकांना एका सुरात, एका तालात गाता आले पाहिजे, राष्ट्रीय गाणी नीट म्हणणे सक्तीचे असावे, असे ते १९२० च्या दशकात लिहीत-बोलत होते. दुसरीकडे तेच म्हणत की प्रार्थनेत शब्द नसले तरी चालतील, हृदय हवे. या दोन विधानांत ताण आहे, आणि तो त्यांनी लपवला नाही.

त्यांची एक अडचण तर फार मोलाची आहे. सकाळच्या प्रार्थनेचा पहिला श्लोक आचार्य शंकरांच्या नावावरचा आहे. म्हणणारा त्यात सांगतो की पंचभूतांचा हा गोळा म्हणजे मी नव्हे, मी ते निर्मळ ब्रह्म आहे. गांधीजींना हा श्लोक म्हणायला सुरुवातीला संकोच वाटे. जे अनुभवाला आले नाही ते तोंडाने कसे म्हणायचे? सत्याचे व्रत घेतलेल्या माणसाला हे खोटे बोलण्यासारखेच वाटणार. पुढे त्यांचे समाधान झाले: हा गर्व नाही, यात नम्रताच आहे, असे त्यांना वाटू लागले.

एकट्याने म्हटले तर तो संकोच रास्तच ठरतो. पण हाच श्लोक शंभर जण एका सुरात म्हणतात तेव्हा त्यातला ‘मी’ कुणा एकाच्या मालकीचा राहत नाही. वारकऱ्यांना हे कुणी शिकवावे लागलेले नाही. अभंगाच्या शेवटच्या चरणात तुकोबांची नाममुद्रा येते, हजार टाळकरी ती उचलतात आणि आपण तुकोबा आहोत असे एकालाही वाटत नाही. प्रत्येकाने आपला गळा तेवढ्यापुरता दुसऱ्याच्या अनुभवाला उसना दिलेला असतो. पटले म्हणून म्हटले, एवढाच प्रामाणिकपणा आपण ओळखतो. म्हणता म्हणता त्या अनुभवापर्यंत पोचू, या भरवशावर म्हणणे हाही प्रामाणिकपणाचा एक प्रकार आहे, आणि सामुदायिक भजन त्यावरच उभे आहे. मात्र त्याला एक अट आहे. शेजारच्याचा आवाज कानावर पडला पाहिजे. स्वतःच्याच आवाजात रमलेल्या माणसाचा ‘मी’ विरघळत नाही, फुगतो. म्हणूनच सूर हा प्रार्थनेचा दागिना मानता येत नाही. सुरात येण्यासाठी आधी ऐकावे लागते, आणि ऐकण्यात अहंकाराला थोडे मागे सरावे लागते.

१२ मार्च १९३० ला गांधीजी ७८ सोबती घेऊन दांडीला निघाले. त्यांत खरे होते. त्याच्या थोडेच आधी आश्रमात देवीची साथ आली होती आणि तिच्यात त्यांचा लहान मुलगा गेला होता. तरी वाटेवरच्या मुक्कामांत भजनाची जबाबदारी त्यांचीच होती. यावर जास्त बोलू नये.

आता अवघड भाग, न गाणाऱ्याचा.

१९२३ साली काकीनाड्याच्या काँग्रेस अधिवेशनात पलुसकर ‘वंदे मातरम्’ म्हणायला उभे राहिले. अध्यक्ष मौलाना मोहम्मद अली यांनी आक्षेप घेतला: आपल्या धर्माला संगीत मान्य नाही. पलुसकरांनी उत्तर दिले की हे राष्ट्रीय व्यासपीठ आहे, मशीद नव्हे, आणि गाणे पूर्ण केले. मराठी लिखाणात हा प्रसंग नेहमी बाणेदारपणाचा नमुना म्हणून येतो. बाणेदार तो होताच, आणि हक्काच्या बाजूने पाहिले तर पलुसकरांचे बरोबर होते. मौलानांचे मत सगळ्या मुसलमानांचे होते असेही नाही. पलुसकरांच्याच मिरजेत ख्वाजा शमना मीरा यांचा दर्गा आहे. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ १९३७ साली वारले, ते त्याच दर्ग्याच्या आवारात विसावले आहेत, आणि उरुसाला तिथे आजही गवई हजेरी लावतात. तिथे गाणे हीच सेवा. तरीही काकीनाड्याच्या त्या दिवसाबद्दल एक गोष्ट म्हटली पाहिजे: गाणे पुरे झाले, पण ते सगळ्यांचे झाले नाही.

दिल्लीत १९४७ च्या एप्रिलमध्ये याच्या उलट घडले. भंगी कॉलनीतल्या प्रार्थनासभेत कुराणातला भाग म्हणायला काही जणांनी विरोध केला. जमलेले बहुसंख्य लोक ऐकायला तयार होते, आक्षेप घेणारे मोजके होते. गांधीजींनी प्रार्थना थांबवली. विरोध करणाऱ्यावर चिडू नका, असे बाकीच्यांना बजावले. पण कुराणाचा भाग गाळून उरलेली प्रार्थना उरकून घ्यायलाही ते तयार नव्हते. ती होईल तर सगळी होईल.

हे जमलेल्या बहुसंख्य भाविकांवर अन्याय करणारे नव्हते का? होते, थोडे. एका माणसाच्या हट्टापायी शंभरांची प्रार्थना खोळंबते, आणि हट्टी माणसाला हे कळले की तो रोज येतो. आक्षेप तर्काला धरून आहे. पण प्रार्थना ही सभा नाही, तिथे ठराव मताधिक्याने पास करायचा नसतो. बळजबरीने मिळवलेल्या शांततेत म्हटलेले स्तोत्र देवाला उद्देशून राहत नाही, ते समोरच्या विरोधकाला ऐकवलेले होते. आपल्याकडे आरत्यांचे आणि भोंग्यांचे जे काही चालते त्यात हा फरक कुठेच उरलेला दिसत नाही. हैबतबाबांची शिस्त वाजत्या टाळापुढे थांबते आणि गांधीजी विरोधी आवाजापुढे थांबले, या दोन गोष्टी एकाच जातीच्या आहेत. दोघांनीही आपला क्रम सोडला नाही, आणि दोघांनीही कुणाला तुडवून तो पुढे नेला नाही.

म्हणून पुढे उभा राहणारा तो एक कोण, या प्रश्नाचे उत्तर गळ्यात शोधून सापडत नाही. विणेकऱ्याचा गळा दिंडीत सर्वांत गोड असतोच असे नाही. ज्याला सगळ्यांचे एकाच वेळी ऐकू येते, आणि कोण थांबले आहे, कोण दबले आहे, कोण रुसले आहे हे कळते, त्याला तो अधिकार. गाणाऱ्यांत तो वरचा नसतो. पट्टी आपल्या गळ्याला सोयीची न लावता शेवटच्या रांगेला झेपेल अशी लावणे हे त्याचे काम, आणि रियाजापेक्षा ते अवघड आहे. अशा माणसाची परीक्षा तो नसताना होते. आश्रम १९३३ साली विसर्जित झाला. खरे ६ फेब्रुवारी १९३८ ला हरिपुऱ्यात गेले. काँग्रेस अधिवेशनाच्या संगीताच्या तयारीसाठी ते तिथे आले होते आणि अधिवेशन दोन आठवड्यांच्या आत भरायचे होते. त्यानंतरही दहा वर्षे, गांधीजींच्या शेवटच्या दिवसांपर्यंत, जिथे ते असत तिथे संध्याकाळची प्रार्थना त्याच वहिवाटीने चालू राहिली. तिच्यात इतर धर्मांचे पाठ वाढत गेले, म्हणणारी माणसे बदलत गेली. खऱ्यांच्या नावाने मोठे स्मारक उभे राहिले नाही याची खंत वाटून घेण्याचे कारण नाही.

सातारा-सांगलीकडे भजनी मंडळांची वाण नाही. गावोगाव सप्ताह होतात, बायकांची मंडळे दुपारची कामे आटोपून बसतात, भजन स्पर्धांना ढाली आणि रोख बक्षिसे लागतात. स्पर्धांनी तयारी वाढली हे मान्य केलेच पाहिजे; पखवाज तर आता पूर्वीपेक्षा खूपच बरा ऐकू येतो. पण बुवा ‘काळी पाच’च्या उंच पट्टीत चढून बसतात, माईक त्यांच्याच तोंडाशी असतो, मागच्या टाळकऱ्यांचे गळे चिरतात आणि चौथ्या अभंगापासून ते नुसते टाळ कुटतात. पुढच्या सप्ताहात मंडळांनी एवढे करून पाहावे: एका हरिपाठापुरता बुवांचा माईक बंद ठेवावा, पट्टी मागच्या रांगेला विचारून लावावी, आणि कोण गात नाही ते पाहून त्याला का ते विचारावे.